साडेसहाचा रेडिओ

"आज रेडिओ लागणार नाही," हानझावा म्हणाले आणि हातातल्या कागदाची घडी उलगडून पुन्हा घातली.

सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. नागासाकीच्या त्या टेकडीवरच्या मैदानात चौदा म्हातारी माणसं हात सैल सोडून तयार उभी होती. साडेसहाला रेडिओवर पियानो वाजायचा आणि सगळ्यांचे हात एकदम वर जायचे, हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं. हानझावा पोस्टातून निवृत्त झालेले. रेडिओ त्यांचा, आणि कवायत संपली की प्रत्येकाच्या हजेरीच्या कार्डावर शिक्का मारण्याचा मानही त्यांचाच.

"बिघडला का?" तोकिएबाईंनी विचारलं.

"ठणठणीत आहे हो. वस्तीच्या मंडळाच्या पेटीत चिठ्ठी आलीय. सकाळी आवाजाचा त्रास होतो म्हणे. नाव नाही घातलेलं."

"कसं घालेल? त्याला हिंमत लागते!"

शेजारी उभ्या असलेल्या मित्सुयोबाईंनी आपलं कार्ड गुपचूप पिशवीत ठेवलं.

तोकिएबाईंना राग आला आणि भीतीही वाटली. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या घरापर्यंत रस्ता जात नाही, एकशे बारा पायऱ्या जातात. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि पाठोपाठ गुडघ्यांनीही संप पुकारला. फुकुओकाला राहणाऱ्या मुलीनं आपल्याकडची एक खोली रिकामी केली आणि बजावून ठेवलं, "आई, पायऱ्या चढवेनाशा झाल्या की निमूट इकडे यायचं." तेव्हा मित्सुयोबाईंनीच त्यांना हाताला धरून मैदानात आणलं होतं. "मी आहे ना सोबत," म्हणाल्या होत्या. दोन वर्षांत गुडघे ताळ्यावर आले. मुलीनं त्या खोलीत शिलाई मशीन ठेवलं.

बाकी कवायतीची हौस कुणाला असते? थंडीत पांघरूण सोडवत नाही. तोकिएबाईंच्या मनात कितीदा यायचं, आज राहू दे. पण वाटेत मित्सुयोबाईंचं घर. सव्वासहाला त्या बूट घालून आपली वाट बघत असतील, आपण नाही गेलो तर त्यांचंही बुडेल, एवढ्या एका विचारावर त्या उठायच्या. बर्फ पडला त्या दिवशीसुद्धा उठल्या होत्या.

तक्रार कुणाची, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. मैदानाखालच्या पिवळ्या घरात मार्चमध्ये एक तरुण जोडपं राहायला आलं होतं, तान्ह्या बाळासकट. दहा वाजता तोकिएबाई केकचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"आमच्या रेडिओनं बाळाची फार झोपमोड केली, नाही का? आम्ही म्हातारी माणसं, आम्हाला कुठलं कळायला!" हे त्या तोंडभर हसून म्हणाल्या. बोलण्यात टाचण्या खच्चून भरलेल्या.

बाळाला कडेवर घेतलेली ती पोर गोंधळली. "अहो, काहीतरीच काय, आजी! हा तर पाचलाच उठून बसतो. मग आम्ही खिडकीत उभं राहून तुमच्याबरोबरच हात हलवतो. आज का नाही लावलात?"

तोकिएबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा तिच्या हातात कोंबून, चारचारदा वाकून त्या तिथून निघाल्या. वाटेत त्यांना एक गोष्ट सुचली आणि त्या तडक मित्सुयोबाईंकडे गेल्या.

मित्सुयोबाई उंबऱ्याशी बसून कांद्याची पात निवडत होत्या.

"मित्सुयोसान, जमलं बघा! माझ्या स्वयंपाकघरात छोटा रेडिओ आहे. उद्या सव्वासहाला घेऊन येते. तुमच्या अंगणातच करू दोघी. तुम्हाला दाराबाहेरही पडायला नको!"

मित्सुयोबाईंचे हात थांबले. "इथं?"

"इथंच. आवाज अगदी बारीक ठेवू."

"रोज?"

"रोज म्हणजे काय, रविवारीसुद्धा!"

मित्सुयोबाईंनी पात खाली ठेवली.

"तोकिएसान, ती चिठ्ठी मी टाकली."

"तुम्ही? तुम्हाला कसला आवाजाचा त्रास? तुम्ही तर रेडिओला खेटून उभ्या असता!"

"आवाजाचा नाही हो. मला झोपायचं होतं."

"मग तसं सांगायचं मला!"

"कसं सांगू? तुम्ही दारात हसत उभ्या. माझ्यामुळे तुमचं बंद पडलं असतं तर? आणि मागे सर्दीनं माझा एक दिवस चुकला, आठवतं? कार्डावर एक घर रिकामं राहिलं, तर दुपारपर्यंत सातजण संत्री घेऊन हजर. कवायत सोडली म्हटलं असतं तर अख्खी टेकडी समजूत काढायला आली असती. म्हटलं, रेडिओच बंद झाला की कुणाला कुणाचं वाईट वाटायला नको."

"कधीपासून?" तोकिएबाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"कधीपासून नको झालं होतं?"

"तुमचे गुडघे बरे झाले ना, तेव्हापासून." मित्सुयोबाईंचा आवाज अगदीच लहान झाला. "नऊ वर्षं झाली असतील."

नऊ वर्षं. ज्या बाईसाठी आपण मरमरून उठत होतो, ती दाराआड बसून आज ही न येवो असं म्हणत होती. तोकिएबाईंना वाटलं, हिनं दार उघडून चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. नऊ वर्षांतली एकही सकाळ आता आपली वाटेना.

"मी तुमचं वाईट चिंतलं नाही हो कधी," मित्सुयोबाई रडायला लागल्या.

"चिंतलं असतं तरी सांगितलं नसतंत."

एवढं बोलून तोकिएबाई कमरेत वाकल्या. "इतकी वर्षं त्रास दिला, माफ करा," म्हणाल्या आणि पायऱ्या चढू लागल्या. वर वाटेत हानझावा भेटले.

"लागला का पत्ता, चिठ्ठी कुणाची ते?"

"नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला जाग आली, पण उठायला कारणच उरलं नव्हतं. तोकिएबाई छताकडे बघत सहा वाजून गेले तरी पडून राहिल्या. मग कूस बदलताना डावा गुडघा किंचित करकरला आणि त्या उठल्या. स्वतःवरच चिडून त्यांनी बुटाच्या नाड्या आवळल्या.

मित्सुयोबाईंच्या दाराच्या फटीतून उजेड दिसत होता. तोकिएबाई हाक न मारता, पाय न वाजवता पुढे गेल्या.

मैदानात कुणीच आलं नव्हतं. पियानो नाही, हानझावा नाहीत. त्यांनी तोंडानं आकडे मोजत सुरुवात केली. हात वर, हात खाली. मग दोन्ही हात बाजूंना पसरायचे होते. डाव्या हाताला इतकी वर्षं मित्सुयोबाई उभ्या राहायच्या, आणि त्यांना लागू नये म्हणून तोकिएबाई तो हात कोपरात मुडपून घ्यायच्या. आजही तो आपोआप मुडपला.

त्यांनी तो सरळ केला, बोटांपर्यंत ताणला, आणि आठपर्यंत मोजलं.