सत्तेचाळिसावी बाग

हे ताईंच्याच पद्धतीनं सांगते. फाइलला हात लावला की तिच्या नोंदीत एक ओळ लिहायची: काय केलं, कुणी केलं, कारण. कारण रिकामं सोडायचं नाही.

नोंद: ताईंकडे गेले. कुणी: मी. कारण: लॅपटॉपवर पाणी सांडलं.

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनमागे त्यांचं टेबल. पीएचडीवाल्यांच्या फाइली जपायला शिकवणं हे त्यांचं काम. माझ्या फाइली उघडून त्यांनी नावं मोठ्यानं वाचली. "फायनल. फायनल दोन. खरंच फायनल. पोराबाळांची नावंही अशीच ठेवणार आहेस का?"

चार वर्षं मी शेहेचाळीस बागांमधल्या गोगलगायी मोजत होते. ताईंनी तीन प्रती करायला लावल्या. एक माझ्याकडे, एक दादाकडे, एक त्यांच्या कपाटात, पाकिटात बंद. कपाटातल्या प्रतीत एक खोटी ओळ घालायची, म्हणजे प्रतींची सरमिसळ झाली तरी ती ओळखू येईल. मी लिहिलं: बाग सत्तेचाळीस, मावशीची, गोगलगायी नऊशे बारा. मावशीकडे एकच कुंडी आहे, तीही प्लास्टिकच्या फुलांची. हे सांगितलं तेव्हा ताईंना हसताना ठसका लागला.

नोंद: लेख छापून आला. कुणी: सर आणि त्यांचा नवा विद्यार्थी. कारण:

थांबा, ते पुढे.

सर माझे मार्गदर्शक. मी त्यांना आलेख दाखवायची. फाइल प्रबंध जमा झाल्यावर द्यायची, असं ठरलं होतं. लेखात माझं नाव नव्हतं. माझे आकडे होते, माझा निष्कर्ष होता. तो आता माझ्या प्रबंधात नवा उरला नव्हता. चार वर्षं पाण्यात.

लेखातल्या तक्त्यात बागा सत्तेचाळीस. शेवटच्या बागेत एवढ्या गोगलगायी का, यावर अख्खा परिच्छेद. बहुधा ओलाव्यामुळे.

नोंद: दादाची प्रत तपासली. कुणी: मी. कारण: लाज वाटते.

शेहेचाळीसच होत्या. "गोगलगाय आणि पोटात पाय," दादा म्हणाला, "पण तो मी नव्हे. घरात शोधत बसू नकोस." मग लेखातला ओलाव्याचा परिच्छेद वाचून तो हसला, आणि माझ्याकडे बघून त्यानं लेख मिटला.

राहिलं एकच कपाट.

"ताई, मावशीची बाग छापून आली."

त्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. "वाचलं."

"तुम्ही दिलीत."

"सर म्हणाले, तिनंच न्यायला सांगितलंय."

"आणि तुम्हाला खरं वाटलं?"

चिठ्ठी वाकडी बसली. त्यांनी ती सोडवून पुन्हा लावली. "नाही."

"माझा फोन नंबर आहे पाकिटावर. तुमच्याच अक्षरात."

"दरवर्षी माझी नेमणूक वाढवायची की नाही, ते सर ठरवतात. तुला काय सांगायचं."

"मग निदान ती खोटी ओळ तरी काढून द्यायची. प्रत कुणी दिली ते मला कळलंच नसतं."

पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. मी काहीतरी भलतंच बोलल्यासारखी. "असं कसं? जपलेल्या प्रतीत बदल करायचा नसतो."

मला हसू आलं, आणि रडूही. मला विकताना ताईंनी नियम मोडला नव्हता.

मी पाकीट मागितलं. त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडलं, पाकिटातला पेनड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला. "त्यातली नोंद बघशील," त्या म्हणाल्या. "चौकशी समितीला दिलीस तर मी इथे नसेन."

"माहितीये."

तिथेच, त्यांच्या कंप्युटरवर नोंद उघडली. शेवटची ओळ, तारखेसकट: सरांना प्रत दिली. कुणी: ताई. कारण, आणि पुढे काहीच नाही. दुसऱ्यांच्या ओळींत रिकामं कारण दिसलं की लाल पेन घेऊन बसणारी बाई.

कर्सर तिथे लुकलुकत होता. दोन शब्द सहज बसले असते. नाही लिहिले, ओळ त्यांची होती.

खाली माझी लिहिली.

नोंद: चौकशी समितीसाठी प्रत काढली. कुणी: मी. कारण: मला विचारलं नाही.