सातव्या धड्यातला आवाज

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला कधी पाहिलेही नसेल. मी टेपरेकॉर्डर. रंगाने काळा, वयाने जुना, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. माझ्या पोटात कॅसेट घालून बटण दाबले की मी बोलतो. शेजारचे लाल बटणही दाबले, तर मी ऐकतो आणि ऐकलेले जसेच्या तसे जपून ठेवतो. ऐकलेल्यातले काय पुन्हा बोलावे आणि काय पोटातच ठेवावे, हे मात्र माझ्या हातात नाही.

कारखान्यातले दिवस मला थोडेच आठवतात. लांबलचक टेबलावर आम्ही सगळी भावंडे ओळीने बसलो होतो. तपासनीस बाई एकेकाच्या जाळीपाशी तोंड आणून काही बोलत आणि तेच परत ऐकत. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी ऐकले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा अगदी खरं बोलतो." एवढे निर्मळ कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

मला विकत घेतले ते इंग्रजी शिकवणाऱ्या एका संस्थेने. शिंप्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. खालच्या शिलाई यंत्रांची खडखड माझ्या प्रत्येक कॅसेटमध्ये उतरायची. संध्याकाळच्या वर्गाला मोठी माणसे यायची. एक ड्रायव्हर होता, औषधाच्या दुकानातला विक्रेता होता, नुकतेच लग्न झालेली एक मुलगी होती. त्यांना शिकवणाऱ्या बाई छापील पुस्तक फारसे उघडत नसत. ज्याला जे लागेल ते त्या स्वतः लिहून आणत. ड्रायव्हरला पत्ता विचारायला शिकवत, विक्रेत्याला गोळ्या केव्हा घ्यायच्या ते सांगायला. मग त्यांचे बोलणे माझ्यात भरून त्यांनाच ऐकवत. माणसे लाजत, हसत आणि पुन्हा म्हणून बघत. माझे ते सुखाचे दिवस होते.

संस्थेचे मालक सर. अभ्यासक्रम तेच आखत. बाईंची पद्धत त्यांना मुळीच पसंत नव्हती. ते म्हणत, कपडा माणसाच्या मापाने बेतायचा असतो, धडा नाही. माणसाने धड्यात बसायला शिकले पाहिजे.

त्या वर्गात पहिल्या बाकावर मावशी बसायच्या. त्या रुग्णालयात आया होत्या. चादरी बदलायच्या, रुग्णांना उठवून बसवायच्या. रुग्ण त्यांना मावशी म्हणत, म्हणून वर्गही मावशीच म्हणू लागला. त्यांचा मुलगा दूर परदेशी राहायचा, त्याने लग्नही तिथेच केले होते. पाच वर्षांच्या नातवाला इंग्रजीशिवाय काही येत नव्हते. फोनवर तो भरभरून बोलायचा. मावशी नुसते "हं, हं" करायच्या. त्याच्याशी बोलता यावे म्हणून त्या दिवसभर उभ्याने काम करून, दुखऱ्या गुडघ्यांनी आमचा जिना चढत होत्या.

एकदा बाईंनी सुचवले की नातवासाठी निरोप भरू. आज एक भरायचा, वर्षाअखेरीस वर्ग संपताना दुसरा, आणि तो चांगला झालेला दुसरा नातवाला पाठवायचा. पहिला कपाटात राहील. आपण कुठून कुठे आलो ते मावशींना कळायला.

मावशींनी रुमालाने तोंड पुसले आणि माझ्या जाळीशी वाकून त्या हळूहळू बोलल्या. "आय ॲम युवर फादर्स मदर. माय टू नीज आर पेनिंग, सो आय नॉट कमिंग. यू कम. आय विल गिव्ह यू स्लीप ऑन माय लेग." तान्हेपणी नातू गुटगुटीत होता, म्हणून त्या त्याला भोपळ्या म्हणत. 'भोपळ्या'ला इंग्रजी शब्द त्यांना काही केल्या सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, "बाय बाय, माय भोपळ्या." बाई तो निरोप परत ऐकवणार होत्या, पण मावशींनी ऐकू दिला नाही. त्यांना लाज वाटली.

त्याच सुमारास सरांचा मोठा अभ्यासक्रम छापायला निघाला होता. पुस्तक आणि सोबत कॅसेट. सातवा धडा चुकांचा होता. त्यांनी दोघातिघांना मुद्दाम चुकीचे बोलायला लावून पाहिले, पण ते खोटे वाटत होते. मग त्यांनी बाईंचे कपाट उपसले. मावशींची कॅसेट माझ्यात घालून ऐकली, मागे नेऊन पुन्हा ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

बाईंनी विनवले की निदान मावशींना एकदा विचारू या. "त्यांचं नाव कुठे येतंय?" सर म्हणाले. "आवाज कोण ओळखतंय?" बाईंना पुढच्या वर्षी ठेवायचे की नाही, हेही त्याच आठवड्यात ठरायचे होते, आणि ते ठरवणारे सरच होते. बाई उपसलेले कपाट लावू लागल्या.

धडा तयार झाला तेव्हा तो पहिल्यांदा शिकवायला सर स्वतः आमच्या वर्गावर आले. बाई दाराशी उभ्या राहिल्या. या कॅसेटमधल्या बाईच्या चुका शोधा, सरांनी सांगितले, सगळ्यात जास्त शोधेल त्याला हे पेन. आणि त्यांनी माझे बटण दाबले.

मित्रांनो, आपला आवाज बाहेरून ऐकला तर माणसाला तो चटकन ओळखू येत नाही. मावशींनी तर तो कधी ऐकलाच नव्हता, आणि काही महिन्यांपूर्वी लाजत काय म्हटले होते तेही त्या विसरल्या होत्या. वर्ग हसू लागला, तशा त्याही हसू लागल्या. इतके दिवस सगळ्यांत कच्च्या त्याच होत्या. आज त्यांच्याहून कच्चे कुणीतरी भेटले होते. पहिली चूक त्यांनीच पकडली. "पेनिंग नाही, सर. हर्टिंग." सरांनी त्यांची पाठ थोपटली. दाराशी बाई फरशीकडे बघत होत्या. मला थांबता आले असते तर मी तिथेच थांबलो असतो. पण मी खरे बोलणारा, मी बोलत राहिलो.

'स्लीप ऑन माय लेग' आले आणि वर्ग पोट धरून हसला. ड्रायव्हरने बाकावर हात आपटला. मावशींच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते पुसत त्या म्हणाल्या, "अहो, हिला लॅपसुद्धा येत नाही!"

मग मी म्हणालो, "बाय बाय, माय भोपळ्या."

मावशींचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले. बाकीचे अजून हसत होते. ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि बाकावरचा हात मागे घेतला. मावशी उठून टेबलापाशी आल्या. ही कॅसेट माझी आहे, मला द्या, एवढेच त्या म्हणाल्या. सर अगदी गोड आवाजात समजावू लागले. पुस्तक छापून झाले आहे, आता काही बदलता येणार नाही. आणि यात तुमचे नाव तरी कुठे आहे?

"माझं नाही, सर," मावशी म्हणाल्या. "नातवाचं आहे."

सरांनी पेन त्यांच्या हातात दिले. सगळ्यात जास्त चुका तुम्हीच शोधल्या, ते म्हणाले, आणि मागच्या बाकावरून पुन्हा हसणे ऐकू आले. मावशींनी पेन माझ्या पाठीवर ठेवले. दारात त्या बाईंपाशी थांबल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मावशी, बसा ना," बाई म्हणाल्या.

मावशी गेल्या. दुसरा निरोप कधी भरला गेला नाही.

सातवा धडा मात्र फार गाजला. मला दुसऱ्या यंत्राला जोडून दिवसच्या दिवस त्याच्या प्रती काढल्या गेल्या. गावोगावचे शिक्षक प्रशिक्षणाला येत. अभ्यासक्रम जिवंत कसा करावा, हे सर त्यांना याच धड्यावरून दाखवत. मावशींची नक्कलही ते छान करत. जिन्यात मुले एकमेकांना भोपळ्या म्हणून हाका मारत. वाजवून वाजवून फीत सैल पडली, मावशींचा आवाज घोगरा आणि संथ झाला. त्याने लोकांना आणखी हसू येऊ लागले.

पुढे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. तिथली धूळ मला आवडली. पण एक दिवस नवे यंत्र बिघडले आणि एका तरुण शिक्षिकेने मला खाली काढले. ती बटण दाबणार, तोच बाईंनी माझ्यावर हात ठेवला. बाईंचे केस आता पांढरे झाले होते. तिथेच उभ्या राहून त्यांनी तिला सगळे सांगितले.

मध्यंतरी बाईंच्या आईला रुग्णालयात ठेवले होते, तेव्हा त्यांना मावशी भेटल्या होत्या. चादर बदलता बदलता त्या बोलल्या. नातू येऊन गेला होता. चांगला उंच झाला होता. स्वयंपाकघरात त्यांच्या मागे मागे फिरून तो कितीतरी विचारायचा. मावशींना सगळे कळायचे, पण बोलायला तोंड उघडले की तो वर्ग कानात हसू लागायचा, आणि त्या नुसत्या मान हलवायच्या. शेवटी एकदा त्यांच्यासमोरच तो बापाला इंग्रजीत म्हणाला की आजीला काही समजत नाही, तिच्याशी बोलून काय करू? तेही त्यांना समजले.

"त्याच्या वाक्यात एकही चूक नव्हती, बाई," मावशी म्हणाल्या होत्या आणि उशीचा अभ्रा बदलू लागल्या होत्या.

तरुण शिक्षिकेने मान खाली घातली. खरोखरच तिला वाईट वाटले असावे. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "पण वर्ग थांबलाय, बाई. आणि परीक्षेत हाच धडा येतो."

बाईंनी हात उचलला.

वर्ग हसला. नेहमीच्याच जागी हसला.

मित्रांनो, जुनी यंत्रे तुम्हाला सांगतात की आमची धूळ झटका, आम्हाला तेलपाणी करा. मी तसे मागत नाही. कॅसेट फिरवणारा माझा रबरी पट्टा आता तुटत आला आहे, आणि मला दुरुस्तीला न्यायचे घाटते आहे. नेऊ नका. मघाशी मावशींचे इंग्रजी ऐकताना तुम्हालाही हसू आले असेल. त्याचाही मला राग नाही. त्या स्वतःच हसल्या होत्या. पण तुमच्यासमोर कुणी मोडक्यातोडक्या शब्दांत बोलू लागले, तर चुका मोजायच्या आधी ते माणूस काय सांगते आहे ते ऐका. ती आजी एका लहान मुलाला मांडीवर झोपायला बोलावत होती. मी ते हजारो लोकांना ऐकवले. त्या मुलाला मात्र ते कुणी ऐकवले नाही.