मागून हाक

दोन हजार तेवीस साल होतं ते. नळदुर्गच्या खंडोबाची पौषातली यात्रा नुकतीच पांगली होती आणि जळकोटच्या पुढच्या माळावर गाड्यांची शर्यत लागली होती. लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसून शिवांजली हेल्मेट आवळत होती आणि तिची आजी सत्यभामाबाई गाडीभोवती घिरट्या घालत होत्या.

"आज्जी, प्रदक्षिणा झाल्या असतील तर सोड की मला."

"लई बोलू नगंस. पट्टे आवळलेस का?"

"आवळले."

"परत आवळ."

फारुख हसला. अणदूरला हायवेच्या कडेला त्याचं आणि रणधीरचं, म्हणजे सत्यभामाबाईंच्या मुलाचं, शिवांजलीच्या बापाचं, भागीदारीतलं गॅरेज होतं. जुन्या मारुतीचं इंजिन मागच्या बाजूला बसवून ही बग्गी दोघांनी तिथंच जोडली होती. "मावशी, वेल्डिंग माझं हाय. उलटली तर गाडीला लागंल, पोरीला न्हाय."

"उलटायचं नाव कशाला काढतोस मेल्या? जिभंला काय हाड?"

या घराला गाडीचं वेड जुनंच. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्यानं, बलभीमरावांनी, लाल राजदूत फटफटी आणली, तेव्हा सत्यभामाबाई मागं बसून तुळजापूरला गेल्या होत्या. पदर दातात धरला होता, तरी वाऱ्यानं तो सोडवून घेतला. सासूबाईंनी पुढं वर्षभर त्या पदरावरून टोमणे मारले. त्याच राजदूतवर रणधीर ओढ्यातून, बांधावरून गाडी उडवायला शिकला. मग शर्यतीच्या बाइका आल्या, सोलापूर-कोल्हापूरकडची मैदानं आली. घरात देवांच्या शेजारी ढाली मांडल्या गेल्या.

दोन हजार एकोणीसला एका सकाळी रणधीर शर्यतीला निघाला. फाटकाबाहेर पडला आणि सत्यभामाबाईंनी मागून हाक मारली, "अरं रणधीर, रुमाल राह्यला!" तो हसत परत आला, रुमाल घेतला, गेला. त्या दुपारी उंचवट्यावरून उडालेली बाइक त्याच्या गुडघ्यावर पडली. पाय राहिला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही.

सोलापूरच्या दवाखान्यात सून निकिता एकदाच बोलली. "आत्याबाई, जाणाऱ्याला मागनं हाक कशाला मारली तुमी?" नंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही. पण त्या दिवसापासून सत्यभामाबाईंनी कुणालाही मागून हाक मारली नाही. बलभीमराव तंबाखूची चंची विसरून शेताला निघाले, की त्या गोठ्याला वळसा घालून पळत पुढं जायच्या आणि तोंडासमोर उभ्या राहायच्या. "ही घ्या तुमची इस्टेट." बलभीमराव दरवेळी दचकायचे. एकदा म्हणाले, "एवढं पळून मरशील एक दिवस. हाक मारली असतीस तर?"

बाइका विकल्या. पण शिवांजलीचं वेड गेलं नाही. घरात महिनाभर अबोला झाला, ताटं तशीच परत गेली. शेवटी रणधीरनंच तोड काढली, बग्गीची. चार चाकं, वर पिंजरा, खांद्यावरून घट्ट पट्टे. गावानं थट्टा केली. "बग्गी व्हय? मग नवरदेव कुठंय?" सत्यभामाबाईंनी मात्र गॅरेजमध्ये बसून एकेक जोड पाहिला. सीटच्या मागं एक जाड कडी होती आणि खांद्यावरचे दोन्ही पट्टे एका आकड्यानं त्या कडीत अडकवायचे होते. फारुखनं तो आकडा ओढून दाखवला होता. "मावशी, ह्यो आकडा हाय तवर पोरगी गाडीला बांधलेली. बाकी फिकर करू नका."

त्यांनी फिकर केलीच. आज येताना त्या घरून काळी बाहुली घेऊन आल्या होत्या.

"पुढं नगं, मागं बांधा," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "पुढनं तिला दिसायला पायजे रस्ता."

"बांधतो, बांधतो," म्हणत बलभीमराव गाडीमागं वाकले. बराच वेळ खुडबुड करून ते उठले. "झालं बघ. आता यमाचीबी नजर लागत न्हाय."

"तुमालाबी हाड न्हायच का जिभंला?"

नावं पुकारली गेली. रणधीर काठी टेकत सुरुवातीच्या रेषेकडं गेला, निकिता आणि फारुख त्याच्या मागोमाग. माळाच्या कडेनं मोठा वळसा घालून गाड्या त्या रेषेवर यायच्या होत्या. शिवांजलीनं हात हलवला आणि बग्गी सावकाश निघाली.

सत्यभामाबाई पाठमोऱ्या गाडीकडं बघत राहिल्या. पहिल्याच खड्ड्यात गाडी हिंदकळली आणि सीटच्या मागं काहीतरी चमकलं. आकडा. पट्ट्यांचा आकडा बाहेर लोंबत होता. कडीत बाहुली होती. बाहुलीचा दोरा ओवायला म्हाताऱ्यानं आकडा काढला होता आणि नंतर नळीवर नुसता टेकवून ठेवला होता.

गाडी अजून हाकेच्या अंतरावर होती. सत्यभामाबाईंनी तोंड उघडलं. "शि..." एवढं आलं आणि त्यांचा हात आपसूक तोंडावर गेला. डोळ्यांपुढं तो रुमाल आला, घडी घातलेला, निळ्या काठाचा.

"काय झालं गं?" बलभीमरावांनी विचारलं.

उत्तर द्यायला त्या थांबल्याच नाहीत. वळशाच्या मधे तुरीचं कापलेलं रान होतं. पलीकडं गेलं की गाडीच्या पुढं निघता येत होतं. त्यांनी काष्टा सावरला आणि रानात शिरल्या. तुरीची खुंटं सुळ्यासारखी उभी. एक चप्पल ढेकळात राहिली. छाती फुटायला आली, डावीकडं बग्गीचा आवाज पुढं पुढं सरकत होता आणि त्या मनात एकच घोकत होत्या, येळकोट, येळकोट, थोडं थांबीव रे बाबा तिला.

बांधावरून त्या रस्त्यात उतरल्या, तेव्हा बग्गी समोरून येत होती. त्यांनी दोन्ही हात वर केले.

करकचून ब्रेक लागला. धुरळा उडाला. "आज्जी! येडी झालीस का?"

सुरुवातीच्या रेषेवरून रणधीर ओरडतच आला. "आई, बाजूला हो! नाव काटतील तिचं! हितं सगळी लोकं बघायलीत!"

सत्यभामाबाईंनी सीटच्या मागं बोट दाखवलं. फारुख मागं गेला आणि उभाच राहिला. मग खाली वाकून त्यानं आकडा हातात घेतला.

"या अल्ला," तो हळू म्हणाला. "रणधीर, हे बघ."

रणधीरचा चेहरा उतरला. फारुखनं बाहुली सोडली, आकडा अडकवला, पाय रोवून तीनदा ओढून पाहिला. तोवर बलभीमराव धापा टाकत पोचले होते. बाहुली बघूनच ते मटकन खाली बसले.

शिवांजली रेषेवर गेली. निकितानं सासूला बांधावर बसवलं. पायात तुरीची सल खोल गेली होती, रक्त आलं होतं. "आत्याबाई, तिथूनच एक हाक मारायची, की एवढं रान तुडवत..." बोलता बोलता ती थांबली. मान खाली घालून ती सल काढत राहिली.

"म्या बोलले होते ना तसलं," ती शेवटी म्हणाली. "तवा जीव ठिकाणावर न्हवता माझा."

"व्हय गं. म्हाईत हाय मला."

"आता मारत जावा हाक."

"बघू."

तिसऱ्या फेरीत खाणीजवळच्या वळणावर शिवांजलीची बग्गी कलंडली आणि पूर्ण उलटी झाली. लोक धावले. पोरगी पट्ट्यांना उलटी लटकत होती, खांद्यावर लाल वळ आणि तोंडभर माती. "मला आधी सरळ करा," ती म्हणाली.

पुढं शिवांजली पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात लागली. सुट्टीला आली की बग्गी चालवते. फारुखनं आकडा काढून तिथं नटबोल्ट बसवला. रणधीर बग्ग्या बनवून विकतो, चार लोक त्याच्या हाताखाली आहेत. घरातून निघताना तो फाटकाशी थांबतो, वळतो आणि विचारतो, "आई, काय राह्यलंय का?" मग जातो. निकिताही तसंच करते.

बलभीमराव त्या शर्यतीच्या पुढल्या वर्षी एकदा शेतातून आले, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकले, ते तसेच गेले. अंगणातून त्यांना उचललं तेव्हा बाया रडत होत्या. सत्यभामाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. माणसं फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली. तेव्हा त्या अंगणात उतरल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक त्यांनी मागून मारली.

"अवं! तंबाखू राह्यली!"

निकितानं येऊन त्यांचा हात धरला. त्या मुठीत चंची होती.