फोन गिळणारा डबा

मी डबा बोलतोय. जरा नीट ऐका, कारण आम्हा डब्यांना बोलायची संधी क्वचित मिळते. लोक आधी झाकण लावतात आणि मग विचारतात, आत काय आहे.

जन्म माझा पत्र्याचा. कारखान्यात यंत्राने एका दणक्यात मला आकार दिला, अंगावर निळा रंग आणि वेलबुट्टी चढवली आणि पोटात बिस्किटं भरली. बिस्किटं संपली की आमच्या जातीचं नशीब फिरतं. कुणी सुईदोरा सांभाळतो, कुणी खिळे. मी भूगोलाच्या बाईंच्या घरी त्यांच्या सासूबाईंची औषधं सांभाळली. सासूबाई गेल्या आणि बाई मला शाळेत घेऊन आल्या. सुरुवातीला माझ्यात खडू असायचे. खडू ही मोठी गुणी जात, कधी कुणाला त्रास नाही.

मग वरच्या वर्गातल्या मुलांच्या हातात फोन आले आणि माझी बढती झाली.

बाईंचा नियम साधा होता. पहिली घंटा झाली की मी बाकांवरून फिरायचो. प्रत्येकाने आपला फोन माझ्यात टाकायचा आणि शाळा सुटताना परत घ्यायचा. वर्गात कुणाकडे फोन सापडला तर त्याचा फोन आठवडाभर जप्त. आणि फोनवरच्या एखाद्या भानगडीची तक्रार आली तर अख्ख्या वर्गाचेच फोन आठवडाभर माझ्या पोटात. "मुळावरच घाव घालायचा," बाई म्हणायच्या.

"बरोबर आहे. माकडाच्या हाती कोलीत आहे ते," गणिताचे सर मान डोलवायचे. त्यांचं स्वतःचं कोलीत मात्र टेबलाखाली सदा पेटलेलं असायचं.

मुलांनी माझं नाव ठेवलं अजगर. मला राग नाही आला, उलट जरा भावच वाढल्यासारखा वाटला. पण मुलंही काही कमी नव्हती. घरातले बंद पडलेले, काच फुटलेले, आजोबांनी टाकून दिलेले फोन ती माझ्यात टाकायची आणि खरा फोन मोज्यात खुपसायची. बाई डोकी मोजायच्या, फोन मोजायच्या आणि हिशेब जुळला की समाधानाने झाकण लावायच्या. माझ्या पोटात निम्मी मढी आहेत हे फक्त मला ठाऊक होतं. जिवंत फोन मधूनमधून थरथरतो, मेलेला गार पडून राहतो.

बाई वाईट होत्या असं मात्र समजू नका. पोरांवर त्यांचा फार जीव. मुलांचं वाचन गेलं, झोप गेली, मैदान ओस पडलं, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. फक्त ती मुलं त्या फोनमध्ये नेमकं काय करतात, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना ते आधीच माहीत असावं.

त्या वर्गात एक मुलगी होती. घरचे तिला मैना म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायचे. मैना बोलताना अडखळायची. शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच ठिय्या मांडून बसायचा. म्हणून ती वर्गात गप्प. बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'अभ्यासात बरी, वर्गात सहभाग नाही.'

एके दिवशी वाऱ्यांचा धडा होता. बाईंनी चांगल्या हेतूने तिलाच वाचायला उभं केलं. 'व्यापारी वारे' या शब्दाशी गाडी अडली. "व्या... व्या... व्या..." काही जण हसले. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली, शब्द स्वतःच पूर्ण केला आणि तिला खाली बसवलं. बाईंच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

पण तो काही संपला नव्हता. मागच्या बाकावरून एका मोज्यातला फोन बाहेर आला होता. संध्याकाळपर्यंत त्या 'व्या व्या व्या'ला ढोलाचा ठेका जोडला गेला आणि तो व्हिडिओ शाळेतल्या मुलांच्या समाजमाध्यमावरच्या पानावर झळकला. दुसऱ्या दिवशी खालच्या वर्गातली चिल्लीपिल्लीसुद्धा मैनाला बघून ठेका धरायला लागली. तिसऱ्या दिवसापासून मैना शाळेत आली नाही. बाईंना वाटलं, ताप असेल.

पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एक अनोळखी स्त्री आली. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच, घाईत आलेली. मैनाची आई. लोकांचे कपडे शिवून घर चालवणारी.

"बाई, मैनाचा दाखला हवाय. दुसऱ्या शाळेत घालते तिला."

"अहो, वर्ष संपत आलंय. आता कुठे घालणार?"

"मग घरी बसवते. माझ्या हाताखाली शिवण शिकेल. पोरगी उंबरठा ओलांडायला तयार नाही." तिने बाईंकडे नीट पाहिलं. "तिच्या अडखळण्याचं गाणं करून मोबाइलवर टाकलंय कुणीतरी. सगळ्या शाळेनं बघितलं. तुम्ही नाही बघितलं?"

बाईंचा चेहरा उतरला.

"मी तिचा फोनच काढून घेतला," आई म्हणाली. "बंद करून कपाटात टाकला. म्हटलं, सगळ्या दुखण्याचं मूळच ते. पण ती आणखीनच मिटली. आता माझ्याशीसुद्धा बोलत नाही."

"एक दिवस थांबा," बाई म्हणाल्या. "उद्या या. तेव्हाही हवा असला तर दाखला मी स्वतः लिहून देईन."

लगेच पुढचा तास त्याच वर्गावर होता. बाईंनी मला टेबलावर असं आदळलं की माझ्या कडेला पोचा आला. तो अजून आहे.

"कोणी केलं?"

मग सगळ्यांत उंच मुलगी उभी राहिली. तिला सगळे लंबी म्हणायचे.

"बाई, कोणी केलं ते नंतर सांगते. आधी एक विचारू? तुम्हाला आम्ही का नाही सांगितलं, ते विचारा ना."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं की सगळ्यांचे फोन जातात. मागच्या वेळी एकाने तक्रार केली, तर पूर्ण वर्ग महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. मग सांगणार कोण? आणि आमचे फोन गेले असते, तर मैनाला धीर कसा दिला असता आम्ही?"

मग बाईंनी एक गोष्ट केली, जी मी त्या वर्गात कधी पाहिली नव्हती. त्या टेबलामागची खुर्ची ओढत बाकांच्या मध्ये घेऊन गेल्या आणि बसल्या.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मला समजावून सांगा."

मग एकदा धरण फुटलं ते फुटलंच. एकजण म्हणाला, नातेवाइकांसाठी त्याचं एक खातं आहे आणि मित्रांसाठी दुसरं, कारण आत्या प्रत्येक फोटोखाली 'अभ्यास कर' लिहिते. एकीने सांगितलं, तिला तिथे करमत नाही, पण सगळे तिथेच असतात म्हणून सोडवत नाही. कुणी तिथे गणित शिकत होतं. एका मुलीला अनोळखी माणूस रोज काहीबाही लिहीत होता आणि ते कुणाला सांगावं हे तिला कळत नव्हतं. बाईंनी तिला तास संपल्यावर थांबायला सांगितलं. आणि तिचा फोन मागितला नाही.

"आणि मैना?" बाईंनी विचारलं.

"मैना तिथे सगळ्यांत जास्त बोलते," लंबी म्हणाली. "म्हणजे लिहिते. वाऱ्यांची भांडणं लिहिली होती तिने आमच्या गटावर. व्यापारी वारे म्हणतात आम्ही वेळेवर येतो, वादळ म्हणतं मी सांगून येत नाही. हसून हसून मेलो आम्ही. मला वारे तिच्यामुळे समजले. दाखवू का? पण... तिला न विचारता कसं दाखवू?"

"नको दाखवूस," बाई म्हणाल्या. "तिलाच विचारू."

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिखट जिभेची, म्हणून तिचं नाव टाचणी. तिने मोज्यातून फोन काढला. "मी टाकला होता. गंमत म्हणून. मग इतके जण बघायला लागले की काढवेना." सगळ्यांसमोर तिने तो व्हिडिओ काढून टाकला. "पण ज्यांनी उतरवून घेतलाय, त्यांच्याकडचा नाही जायचा," ती रडवेली होऊन म्हणाली.

"माफी माझ्याकडे मागू नकोस," बाई म्हणाल्या. "आणि शिक्षा तुला होणारच, पण ती एकटीला. वर्गाला नाही."

जाता जाता लंबी हळूच म्हणाली, "बाई, आम्ही मैनाला रोज लिहितोय. ती उघडूनच बघत नाही. आमच्यावर चिडली असेल का?"

बाई जागच्या जागी थबकल्या. कपाटातला तो बंद फोन त्यांना आठवला असावा. त्यांनी लगेच मैनाच्या आईला फोन लावला. "उद्या मैनाला घेऊन या. आणि तिचा मोबाइलही आणा. एवढं माझं ऐका."

दुसऱ्या दिवशी मायलेकी शिक्षकांच्या खोलीत आल्या. मैना खाली मान घालून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. टेबलावर एका बाजूला कोरा दाखला होता, दुसऱ्या बाजूला मी. आईने फोन काढून माझ्या झाकणावर ठेवला आणि नाखुशीनेच चालू केला.

आधी काहीच झालं नाही. मग एकदा थरथर. मग दुसरी. आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. इतक्या दिवसांचे साचलेले निरोप एकामागून एक येत होते आणि माझा पत्रा नुसता खणखणत होता. पोटात किती फोन घेतले मी, पण असा आनंद कधी झाला नव्हता. गणिताचे सर चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"कोण आहे एवढं?" आईने घाबरून विचारलं.

मैनाने फोन उचलला. वाचता वाचता तिचे डोळे भरले, आणि मध्येच ती फसकन हसली. फोन तिने आईपुढे धरला. आई एकेक अक्षर लावत वाचायला लागली. 'कधी येतेस?' 'बाक रिकामा आहे, कुणाला बसू दिलं नाही.' 'भूकंपाचा धडा डोक्यावरून गेला, लिही ना गं काहीतरी.'

आईने पदर डोळ्यांना लावला. "मी समजत होते, तिला कुणीच नाही."

मैनाने बाईंकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. "बा... बाई, म... मला..." शब्द अडला. आई सवयीने वाक्य पूर्ण करायला पुढे झाली. तिच्या दंडावर बाईंनी हलकेच हात ठेवला.

खोलीत सगळे थांबले. घाई कुणालाच नव्हती.

"म... मला दा... दाखला न... नको."

बाईंनी तो कोरा कागद खणात टाकला.

आता माझं वय झालंय. झाकण नीट बसत नाही, वेलीवरची फुलं घासून गेलीत. सकाळी मी अजून बाकांवरून फिरतो, कारण तासाला फोन नको हे बाईंचं मत कायम आहे, आणि मलाही ते पटतं. मेलेले फोन अजूनही येतात, पोरं शेवटी पोरंच. पण कुणी सांगायला आलं म्हणून आता वर्गाचे फोन जप्त होत नाहीत. मैना शाळेत येते. कुणीतरी अजूनही ठेका धरतं कधीकधी, मग लंबी त्याच्याकडे नुसती बघते.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, तर या जुन्या डब्याचं एवढं ऐका. फोन खुशाल माझ्याकडे ठेवा. पण एखादं मूल काही सांगायला दारात आलं, तर त्याच्या हाताकडे बघू नका, तोंडाकडे बघा. त्याला बसायला खुर्ची द्या. आणि बोलायला वेळ लागला तरी वाक्य त्याचं त्यालाच पूर्ण करू द्या.