तेल सोडलेला माणूस

शाद्लीने बूट काढले, घड्याळ काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या आणि शेवटी डोक्यावरची लाल टोपीही खुर्चीवर ठेवली. मग श्वास रोखून तो काट्यावर चढला.

"सत्त्याण्णव," इब्तिहाल म्हणाली. सफाक्स शहरातल्या त्या दवाखान्यात रुग्णांच्या आहाराचं तीच पाहायची; वयाने त्याच्या धाकट्या मुलीएवढी. "काका, मागच्या वेळी चौऱ्याण्णव होतं."

"काटा बिघडलाय तुमचा."

"परवाच तपासून घेतलाय."

शाद्लीचा चेहरा उतरला. तो अठ्ठ्याऐंशी किलोवर आल्याशिवाय त्याचं मूत्रपिंड काढायला सर्जन तयार नव्हते, आणि ते त्याच्या बायकोला, नझीहाला, द्यायचं होतं. बाकी सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. दोन वर्षं ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होती आणि दर वेळी पहिल्यापेक्षा थोडी खंगून परतत होती.

"पोरी, आमचा चार पिढ्यांचा तेलाचा घाणा," तो कळवळून म्हणाला. "नवं तेल निघालं की पहिली वाटी घरी येते, पाव बुडवून खायला. यंदा मी बोटसुद्धा बुडवलं नाही. हरीसाची तिखट चटणी खातो, तीही बिनतेलाची! जीभ भाजून निघते. तीन महिने चरबीला शिवलो नाही मी."

"मग खाता काय?"

"बिनसायीचं दही, पाव. आणि खजूर. खजुरात कुठे चरबी असते?"

"किती खजूर?"

ते कोणी मोजले होते? वाटी नझीहा भरायची. रिकामी झाली की न मागता पुन्हा भरायची. वर म्हणायची, 'खा रे, यात तेलाचा थेंब नाही.'

इब्तिहालला हसू आवरलं नाही. "काका, चरबी नाही, पण कॅलरी आहेत ना! दिवसाला तीस खजूर धरले तरी साडेसहाशे. दोन मोठे चमचे तेलात अडीचशेसुद्धा नाहीत. तेल खा, पण मोजून. खजूर आवरा."

घरी येईपर्यंत शाद्ली स्वतःवरच हसत होता. घाणेवाल्याने तेल सोडलं आणि फुगला! नझीहाला हे कधी सांगतो असं त्याला झालं होतं.

ती स्वयंपाकघरात नव्हती. पाणी घ्यायला तो फ्रिजपाशी गेला, आणि दारावर लावलेल्या तिच्या पथ्याच्या कागदावर पहिल्यांदाच त्याची नजर थांबली. खजूर तिला वर्ज्य होते. त्या शब्दावर तांबडी रेघ होती. पण तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती. प्रत्येक पदार्थापुढे तिने आपल्या टपोऱ्या अक्षरात आकडे लिहून ठेवले होते. खजूर, दहा नग : चरबी शून्य, कॅलरी दोनशे वीस. शाई जुनी, फिकट झालेली होती.

शाद्लीचं हसू मावळलं. मागे चपलांचा आवाज आला.

"तुला ठाऊक होतं," तो वळून म्हणाला.

नझीहाने नाही म्हटलं नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली.

"धडधाकट माणसाचं पोट फाडायचं," ती शेवटी म्हणाली, "तेही माझ्यासाठी? तुला काही झालं तर मुलींना काय सांगू? नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का? गाढवासारखा हट्टी आहेस."

"म्हणून मला खाऊ घालत बसलीस?"

"दुसरं काय करणार होते?"

त्याला राग यायला हवा होता. आला तो हुंदकाच. तिच्यासमोर बसून त्याने तिचा हात हातात घेतला. सुयांनी सुजलेला होता, म्हणून अगदी अलगद.

"नझीहा, तू गेल्यावर हे सत्त्याण्णव किलो घेऊन मी कुठे जाऊ?"

नझीहाने पदार्थ तोलायचा आपला छोटा काटा पुढे ओढला, पावाचा तुकडा कापून त्यावर ठेवला आणि चष्मा लावून आकडा पाहिला.

तुकडा उचलून तिने त्यातला आणखी थोडा कापला आणि उरलेला त्याच्या ताटात ठेवला.