डोळ्याच्या कडेची जांभळी रेघ

प्रयोगशाळेतले मासे सांभाळणाऱ्या मामांना तीनशे टाक्यांतली कुठली मासोळी कुणावर रुसली आहे, ते तोंडपाठ असे. माझ्याबद्दल एवढी खबर ठेवली असती तर, असं मामी म्हणत.

मामांची लाडकी संशोधक म्हणजे 'चष्मा'. ही पोरगी दोन वर्षं माशांच्या पिल्लांचे टाचणीच्या टोकाएवढे डोळे बघत होती. ज्या मूळ पेशींतून डोळ्याचा पडदा तयार होतो, त्यांच्यात एक जनुक चालू असतं. ते चालू असेल तिथं तिच्या औषधानं जांभळा रंग चढे. दीड दिवसाच्या पिल्लाचा अख्खा डोळा जांभळा, हा तिचा शोध. सोमवारी तो सरांपुढे मांडायचा होता, आणि शेवटच्या खेपेला जांभळी निघाली ती फक्त कडेची रेघ.

"संपलं, मामा. दोन वर्षं वाया."

मामा दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

"पोरी, रागावणार नाहीस ना?"

"कशावर ते तर कळू दे."

"उबेच्या पेटीतला खालचा कप्पा हाताला गार लागला. अंडी कुडकुडतील म्हणून तुझी वाटी वरच्या कप्प्यात ठेवली. तिथं पाच अंश जास्त ऊब असते."

"मामा! मासे कुडकुडत नाहीत!"

"तू विचारलंस त्यांना?"

चष्मानं त्याच वाटीतली उरलेली पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. शेपटी लांब, अंगावर काळे ठिपके. उबेनं वाढ भराभर झाली होती. दीड दिवसाची म्हणवणारी पिल्लं चांगली दोन दिवसांची होती. मधल्या पेशी आपापल्या कामाला लागल्या होत्या, मूळ पेशी कडेलाच उरल्या होत्या. शोध शाबूत होता.

पण पेटीला हात लावणाऱ्याची बदली कोठारात, असा सरांचा दम होता.

"पेटी बिघडली होती, असं सांगते," चष्मा म्हणाली.

"आणि उद्या दुसरा कुणी त्या खोट्याच्या भरवशावर बसला म्हणजे?" मामांनी विचारलं.

सोमवारी चष्मानं उबेचा फरक मांडताच सरांनी विचारलंच, "ही वाटी वरच्या कप्प्यात कशी गेली?"

मागच्या रांगेतून मामांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला. "मी ठेवली. माया आली."

सरांनी फळ्यावर दोन कप्पे काढले.

"उद्या दोन वाट्या ठेवा. एक खाली, एक वर. दर तासाला अंश लिहायचा. आणि माया फक्त वरच्या कप्प्यात."

मामांचा हात अजून वरच होता. चष्मानं बाही ओढून त्यांना खाली बसवलं.