तळ्यातलं कपाट

दुसरीच्या वर्गाचा नकाशा बाईंनी आलेखाच्या कागदावर काढला होता. बाकांचे, टेबलाचे आणि लोखंडी कपाटाचे मापात कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे त्या तासाभरापासून त्यावर सरकवत होत्या. शाळा उघडायला तीन दिवस उरले होते.

"वहिनी, गेल्या वर्षी वर्गाची आगगाडी केली होती, ती काय वाईट होती?" नणंद दारातूनच म्हणाली. ती पडदे शिवायची. उरलेल्या निळ्या कापडाचं गाठोडं तिने बाकावर टाकलं. "डबे नुसते झटकले असते, तरी वर्षभर धावली असती."

"तेच तर नकोय."

"आगगाडी नको?"

"गेल्या वर्षीचं काहीच नको."

नणंदेने मान हलवली. हे कुणासाठी चाललंय, ते तिला ठाऊक होतं. खारूसाठी. पेन्सिलींचे तुकडे, बिया, बाटल्यांची झाकणं, जे दिसेल ते दप्तरात साठवायची म्हणून त्या मुलीला सगळे खारू म्हणत. गेल्या वर्षी ती याच वर्गात होती. दुसऱ्याच महिन्यात तिला ताप आला, तो सांध्यांत उतरला आणि उरलेलं वर्ष अंथरुणावर गेलं. आता ती बरी होती, पण दुसरी पुन्हा करायची होती. बरोबरीच्या मुली भिंतीपलीकडे, तिसरीत.

सुट्टीत बाई तिला भेटायला गेल्या होत्या. खारू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने एकच विचारलं, "तोच वर्ग?"

"खोली तीच गं, पण अगदी नवी करते बघ," बाई घाईने म्हणाल्या. "ओळखूच येणार नाही तुला."

निघताना तिचे वडील दारापर्यंत आले. "घराबाहेर पडायलाच तयार नाही, बाई. या वेळी रमली नाही, तर आणखी एक वर्ष घरीच ठेवू म्हणतो. जबरदस्ती करून पुन्हा आजारी पडली तर काय घ्या?"

तेव्हापासून बाईंनी कंबर कसली होती. वर्गाचं तळं करायचं ठरलं. जमिनीपासून एकशे दहा सेंटिमीटरपर्यंत निळं कापड, कारण सात वर्षांच्या मुलाचे डोळे साधारण तिथे असतात आणि पाण्याची रेघ त्याच्या डोळ्यांसमोर यायला हवी. चार-चार बाकं जोडून कमळाची पानं. दप्तरांच्या खुंट्या मागच्या भिंतीवर. दाराजवळचं कपाट शिपायाच्या मदतीने खिडकीच्या भिंतीला गेलं आणि त्याच्या जागी हिरव्या कागदाचा, माणसाएवढा बेडूक आला. त्याच्या शेजारी अंड्यापासून बेडूक होईपर्यंतच्या पिल्लांची रांग.

"हे काय केलंस?" बाईंनी एक पिल्लू उचललं. "याला पुढचे पाय कसे?"

"मग? पायांशिवाय बेडूक होणार कसा?"

"मागचे आधी फुटतात. पुढचे नंतर."

"अगं, दुसरीतल्या पोरांना कोण सांगायला बसलंय?"

"मीच बसणार आहे."

"दादाचं कसं निभतं गं तुझ्याबरोबर?" नणंद पुटपुटली, पण तिने पाय उसवावेत तसे अलगद सोडवले आणि मागे चिकटवले.

शेवटच्या संध्याकाळी बाईंनी यादी काढली. गेल्या वर्षी वर्गात जे जिथे होतं, त्याची. एकेक ओळ खोडत गेल्या. सगळ्या खोडल्या गेल्या, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या दिवशी मुलं आ वासून आत शिरली. कुणी बेडकाच्या पोटात बोट खुपसलं, कुणी कमळाच्या पानावर पोट टेकून पोहायला लागलं. मग खारू आली, वडिलांचं बोट धरून. उंबऱ्यात थांबली. तिने उजवीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा उजवीकडे. बोट सोडून ती मागे वळली, बाहेरच्या पायरीवर बसली आणि दप्तर मांडीवर घट्ट धरलं.

"घरी जायचं."

वडिलांनी बाईंना थोडं बाजूला घेतलं. "रोज झोपताना म्हणायची," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दारातून आत, उजवीकडे कपाट, कपाटाच्या खालच्या कप्प्यात रंगपेट्या, मग फळा, मग खिडकी, खिडकीशी माझं बाक. पाढ्यासारखं. आम्हाला वाटलं, शाळेची आठवण काढतेय, बरंच आहे."

बाईंना जुना धडा आठवला. कॉलेजात असताना प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. त्यांनी एकही गोष्ट ठेवली नव्हती. आणि 'तोच वर्ग?' असं विचारणाऱ्या मुलीला काय हवंय, हे विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

त्या पायरीवर तिच्या शेजारी बसल्या.

"तळं नाही आवडलं?"

"छान आहे." पाहुणीसारखा आवाज.

"मग?"

खारू दप्तराचा बंद पिळत राहिली. "हे सगळे नवीन आहेत ना. त्यांना काहीच माहीत नसणार होतं. मला एकटीला माहीत होतं." बंद आणखी पिळला. "आता मला पण नाही."

आत कुणीतरी बेडकाचा आवाज काढला आणि पाच-सहाजण हसले.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुला जुना वर्ग नको असेल. तुला विचारायला हवं होतं."

खारूने पहिल्यांदा वर पाहिलं. बाई चुकतात, ही बातमी तिला नवी असावी.

"कपाट कुठे गेलं?"

"समोरच्या भिंतीला. खिडकीजवळ."

"तिथे जेवणाच्या सुट्टीनंतर ऊन येतं. मेणाचे खडू वितळतील."

खोलीतल्या प्रत्येक वस्तूचं माप बाईंनी घेतलं होतं. उन्हाचं राहिलं होतं.

"मग कुठे ठेवू या?"

खारूने न बघताच उजवीकडे बोट केलं.

"तिथे बेडूक आहे गं."

"सरकवा."

"चिकटवलाय."

खारूने विचार केला. "मग राहू दे मागे. डोळे वर दिसले की झालं."

"पाण्यात बेडूक तसाच बसतो," बाई म्हणाल्या. "नुसते डोळे वर."

"माहितीये," खारू म्हणाली.

कपाट रिकामं करायला सगळा वर्ग लागला. वडिलांनी एका बाजूने धरलं, शिपायाने दुसऱ्या. खाली जुनी सतरंजी घातली तरी कपाटाचा एक पाय कापडात अडकला आणि हातभर तळं टरकन फाटलं. कुणीतरी ओरडलं, "पाणी गेलं!" कपाट भिंतीला टेकलं, तेव्हा त्याच्यावरून बेडकाचे फक्त दोन डोळे आणि बाजूने एक पाय दिसत होता. मुलं खाली मांडलेल्या वस्तू हातात घेऊन उभी राहिली आणि प्रत्येकाने हातातली वस्तू दिसेल त्या कप्प्यात कोंबायला सुरुवात केली.

"तिथे नाही!" दारातून आवाज आला. "रंगपेट्या खाली. खाली रे! वरच्या कप्प्यात कुणाचा हात पोचतो का? आणि पट्ट्या उभ्या ठेवायच्या, आडव्या ठेवल्या की मागे पडतात."

मुलांना नीट ऐकू येईना, म्हणून खारू उंबरा ओलांडून आत आली. मग कपाटापाशी. मग गुडघ्यांवर बसून तिने रंगपेट्यांची चळत स्वतःच लावायला घेतली. बाईंनी ते पाहिलं आणि एक शब्दही काढला नाही. आत्ता 'शाब्बास' म्हणणं म्हणजे झाडावर बसलेल्या पाखराला टाळी वाजवून दाद देणं झालं असतं.

तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गांची सजावट बघायला आल्या. धूळ, फाटकं कापड, जमिनीवर वह्यांचे ढीग आणि कपाटामागून बघणारे दोन डोळे. त्यांनी चष्मा सारखा केला.

"तीन दिवस खपलात ना, बाई? त्याचं हे?"

बाई काही बोलणार, तोच खारू खालूनच म्हणाली, "अजून लावतोय आम्ही. उद्या या."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्या येते."

खारूचं पुढचं काम सुरू झालं. एका मुलीला खिडकीशी बसायचं होतं, आणि तिथे कोण बसणार यावर वाद पेटला होता. "दोघी बसू," खारूने निकाल दिला. "पण दुपारी तू उन्हाकडे. मी गेल्या वर्षी बसलेय." मग खुंट्यांकडे वळताना तिची नजर दाराकडे गेली. वडील अजून तिथेच उभे होते, शर्टाला कपाटाचा गंज लागलेला.

"बाबा," ती म्हणाली, "तू अजून इथेच?"

वडिलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच खुणावलं: जा, आणि मागे वळू नका.

ते गेले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत त्यांनी मान वळवली नाही, आणि आत कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.